मावशीचं तोंड आणि भाऊंचा बॅनर : भूम तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण धाराशिव जिल्ह्यातलं, भूम तालुक्यातल्या एका गावातलं. गावाचं नाव देत नाही, बाईचंही देत नाही, गावात सगळे तिला मावशीच म्हणतात म्हणून इथंही मावशीच. वय पन्नाशीच्या आसपास, थोडी कोरडवाहू जमीन, बचत गटाची जुनी मेंबर, आणि गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आज नीट जगणारी, शेतात जाणारी बाई. तोंडाच्या कॅन्सरच्या जनजागृतीत तिची गोष्ट वापरली गेली, आधी लई भारी चालली, मग बिघडली, आणि बिघडल्यावर बरंच काही बदलावं लागलं. हे लिहून ठेवावं वाटलं कारण हल्ली प्रत्येक शिबिराच्या आधी फोन येतो की "ताई एखादा बरा झालेला पेशंट आणा ना बोलायला", आणि बोलून झाल्यावर त्या पेशंटचं काय होतं हे विचारायला कुणाचाच फोन येत नाही.

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढं वाचताना गोंधळ नको. जगलेल्या माणसाची गोष्ट कामाची असते, आकड्यांपेक्षा आणि सडलेल्या तोंडाच्या पोस्टरपेक्षा कितीतरी जास्त कामाची असते, पण दोन अटींवर. गोष्ट संपली की त्याच जागी, त्याच दिवशी तपासणी पाहिजे. आणि गोष्ट कुठं सांगायची, किती सांगायची, कधी थांबवायची हे सांगणाऱ्याच्या हातात पाहिजे. या दोन्हीतली एक जरी नसली तरी मग तो नुसता कार्यक्रम होतो.

आता आमच्या भागातली परिस्थिती. पुरुषांचं माहितीच आहे, तंबाखू-चुना, मावा, आणि गुटखा, जो राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि तरी कुठल्याही टपरीवर कागदाखालून मिळतो. बायकांचं मात्र कुणी बोलत नाही. बायका मिश्री लावतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात बारीक करायची, डबीत भरायची, की सकाळी उठल्या उठल्या बोटानं दाताला, हिरडीला घासायची. ठसका लागतो, घरभर धूर होतो, लेकरं खोकतात, तरी भाजतात. आता तर तयार पुडीच मिळते. सकाळची एकदा म्हणता म्हणता दुपारी एकदा, रानातून आलं की एकदा, झोपताना एकदा. आणि प्रत्येक दुसरी बाई सांगणार की मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हे खरंच तसं होतंही, निकोटीननं आतडं हलतं, पण सवय लागल्यावर मग त्याच्याशिवाय हलत नाही हा पुढचा भाग कुणी सांगत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेतात असं निघालं, त्यात बिनधुराची घेणारे २४.४ टक्के आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडं तंबाखूचा प्रश्न हा मुळात तोंडाचा प्रश्न आहे. मिश्रीचा त्रास नुसता तोंडापुरता पण नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली छापून आला, त्यात बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं, आणि त्या बायकांत बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या.

आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा तो सीबॅकचा, म्हणजे कुणाला कुठल्या आजाराचा धोका आहे ते बघायचा सरकारी फॉर्म भरून घेतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, तोंडातल्या जखमेचा पण आहे. आता दारात उभं राहून "तंबाखू खाता का" असं विचारलं तर बाई काय म्हणणार? "न्हाई बाई, आमच्यात बायका तंबाखू न्हाईत खात." फॉर्मवर शून्य. आणि हे सांगताना डबी शेजारच्या कोनाड्यातच असते. हुशार आशाताई मग असं विचारते की "अक्का, दात कशानं घासता?" तेव्हा खरं बाहेर येतं.

बार्शीचं सांगितल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही. भूम-परंड्याच्या माणसाला कॅन्सर म्हटलं की बार्शी आठवते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण आम्हाला जवळ, आणि तिथं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली. आणि धाराशिव जिल्ह्याचं (तेव्हा उस्मानाबाद) नाव तर जगभर कॅन्सरच्या कागदपत्रात आहे, आमच्याच लोकांना ते माहीत नाही. इथल्या खेड्यापाड्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसलं की तो कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची एकदाच केलेली तपासणीसुद्धा त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. एवढ्या बायका, पण त्यातल्या एकीचाही चेहरा कुणाला माहीत नाही. आमच्याच गावात त्या अभ्यासात तपासून घेतलेल्या दोघी-तिघी निघाल्या, त्यांना फक्त एवढं आठवतं की गाडी आली होती आणि सिस्टर चांगल्या बोलायच्या.

आता मावशी.

तिच्या डाव्या गालाच्या आत एक फोड आला. दाढ तुटलेली होती, तिचं टोक लागतंय असं तिला वाटलं. गावातल्या डॉक्टरनं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला मलम दिलं. घरचे म्हणाले उष्णता झाली, ताक पी. कुणीतरी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या. यात तीनेक महिने गेले. मिश्री चालूच, उलट दुखायला लागलं म्हणून जास्त, कारण मिश्रीनं तेवढ्यापुरतं बधिर होतं. मग तिचा भाचा तिला तालुक्याला दातवाल्याकडं घेऊन गेला दाढ काढायला, आणि त्या पोरसवदा डॉक्टरनं दाढ न काढता आरसा घालून गाल बघितला आणि सांगितलं की मावशी, दाढ राहू द्या, आधी बार्शीला जाऊन या. त्या पोराचं कौतुक वाटतं मला. दाढ काढली असती तर पैसे मिळाले असते आणि मावशी अजून दोन महिने घरी बसली असती.

बार्शीला तुकडा तपासायला घ्यायचा म्हटल्यावर घरात भांडण. "तुकडा काढला की पसरतं" हे आमच्याकडं प्रत्येकाला पाठ आहे, कुठून आलंय काय माहीत. बहुतेक असं होत असणार की लोक मुळात उशिरा जातात, तुकडा काढतात, रिपोर्ट येतो, थोड्या दिवसात माणूस जातो, आणि दोष तुकड्याला. मावशीनं स्वतः ठरवलं. नवरा बसून राहिला, ती भाच्याबरोबर गेली. रिपोर्ट आला, गाठ लहान होती, मानेत पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं, सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेत बसलं, मग शेक, म्हणजे रेडिएशन. शेकाला, आमच्याकडं काहीजण लाईट म्हणतात, आठवड्यातले पाच दिवस जावं लागतं आणि ते सहा आठवड्यांच्या आसपास चालतं. ज्याचं घर लांब त्यानं तिथंच राहायचं. योजनेत इलाज बसतो पण राहणं, खाणं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी यातलं काही बसत नाही. मावशीनं दोन शेळ्या विकल्या.

आज तिचा डावा गाल आत ओढल्यासारखा दिसतो, तोंड पूर्ण उघडत नाही, लाळ कमी सुटते म्हणून बाटली कायम जवळ, आणि भाकरी आमटीत कुस्करून कुस्करून पार लापशी करून खाते. "श" आणि "स" म्हणताना शिट्टीसारखा आवाज येतो. मिश्री सुटली. सुटली म्हणजे ऑपरेशननंतर भाजणीच्या धुराचा वास आला तरी महिनोन्महिने जीव कासावीस व्हायचा असं तीच सांगते.

तिच्या आधी गावात जनजागृती झाली नव्हती असं नाही. पोस्टर होती. एक तर असं होतं की त्यात एका माणसाचा अख्खा गाल फाटलेला. बायका ते बघून पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायच्या आणि शिबिराला यायच्या नाहीत. आलेल्या पण तोंड उघडायच्या नाहीत, खरंच, "बीपी बघा, शुगर बघा, त्वांड नका बघू". यात बायकांची काही चूक नाही. १९९२ मध्ये किम विट्टे या अमेरिकन संशोधक बाईंनी यावर एक मांडणी केली होती, साध्या भाषेत अशी की भीती दाखवली आणि सोबत "हे तुला जमण्यासारखं आहे, आणि केलंस तर उपयोग होईल" हे दाखवलं नाही तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करत नाही, भीतीचा बंदोबस्त करतो. म्हणजे तोंड फिरवतो, थट्टा करतो, किंवा मला नाही होणार म्हणतो.

थट्टेवरून आठवलं. महाराष्ट्रात तंबाखूच्या बाबतीत सगळ्यात ओळखीचा चेहरा कुणाचा? मुकेश हराणेचा. भुसावळचा पोरगा, २००९ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरनं गेला, आणि ऑक्टोबर २०१२ पासून थिएटरात सिनेमाआधी अशा जाहिराती दाखवणं सक्तीचं झाल्यावर तो देशभर पोचला. त्या जाहिरातीनं नक्कीच कितीतरी जणांना हलवलं असणार. पण आमच्या गावातली पोरं त्या आवाजाची नक्कल करून एकमेकांना पुडी देतात हे पण मी बघितलंय. त्याच्यानंतर आली ती मध्य प्रदेशातली सुनीता तोमर, ती पण २०१५ च्या एप्रिलमध्ये गेली, वय २८. दोघांच्याही गोष्टी खऱ्या आणि दोघांचंही धाडस मोठं, हॉस्पिटलच्या खाटेवरून कॅमेऱ्यापुढं येणं सोपं नाही. पण गावाच्या डोक्यात यातून काय बसलं? झाला की मेला. आणि झाला की मेलाच असेल तर तपासून काय करायचं, उलट जेवढं उशिरा कळंल तेवढं बरं. कॅन्सर हा शब्दही घरात उच्चारत नाहीत, "तो आजार" म्हणतात.

मावशीनं नेमकं हेच मोडलं, आणि तेही ठरवून नाही. बचत गटाची मीटिंग होती, एकीच्या घरच्या पडवीत, हप्ते गोळा होत होते. नवीन सून आलेल्या एका मुलीनं सरळ विचारलं की मावशी तुमच्या गालाला काय झालं. बाकीच्या बायकांनी तिला डोळे दाखवले. मावशी हसली. म्हणाली, "कॅन्सर झालता. कापून टाकला." मग एकेक विचारायला लागल्या, जे डॉक्टरला कधी विचारलं नसतं ते. भूल उतरल्यावर काय वाटतं, शेकाला दुखतं का, केस जातात का, जेवण कसं करायचं, नवरा जवळ येतो का (हे हळू आवाजात), किती खर्च आला. मावशीनं सगळं सांगितलं, खर्चासकट, शेळ्यांसकट. मग म्हणाली, "ए, ही बघा, तीन बोटं उभी घाला तोंडात. जात्यात का?" पडवीत बसलेल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी स्वतःच्या तोंडात तीन बोटं उभी घातलीत हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही, हसून हसून पुरेवाट, आणि मधेच एकीचं हसू थांबलं कारण तिची दोनच बोटं जात होती, आणि तोंड कमी उघडणं ही धोक्याची खूण असते.

त्या दिवशी नशीब असं की सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी, उपकेंद्रात होत्या. उपकेंद्र पडवीपासून पन्नास पावलांवर. बायका तशाच उठून गेल्या, बॅटरीच्या उजेडात तोंडं बघून झाली. पांढरे चट्टे निघाले काहींचे, एकीचा लालसर होता, तिला लगेच बार्शीची चिठ्ठी. बहुतेक चट्टे कॅन्सर नसतात हे तिथंच सांगितलं गेलं, मिश्री बंद केली तर काही चट्टे आपोआप जातात हेही. तोंडाच्या तपासणीची खरी गंमत हीच आहे की तिला मशीन लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमला झालेल्या मोठ्या अभ्यासात, २००५ साली तो छापून आला, शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली तरी तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. डोळे, बॅटरी आणि उघडं तोंड. पहिल्या दोन गोष्टी सरकार देतं, तिसरी मावशीनं मिळवून दिली.

मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळं यश त्या पन्नास पावलांत होतं. हीच गोष्ट संध्याकाळी झाली असती, उपकेंद्राला कुलूप असतं, तर बायका "जाऊ उद्या" म्हणून घरी गेल्या असत्या आणि उद्या ऊस खुरपायला. अमेरिकेत २०१२ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेनं सिगारेट सोडलेल्या आणि आजारानं खंगलेल्या खऱ्या माणसांच्या जाहिराती टीव्हीवर आणल्या, तीनच महिने चालल्या, आणि पुढच्या वर्षीच्या अभ्यासाचा अंदाज असा की त्यामुळं १६ लाख जणांनी सिगारेट सोडायचा प्रयत्न केला, एक लाखावर लोकांची सुटली. तिथं लोक गोष्टी बघून नुसते रडले नाहीत, जाहिरातीवर फुकट फोन नंबर होता आणि फोन उचलायला माणूस बसवलेला होता. आपल्याकडं पण तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर आहे, पुडीवर छापलेला असतो, आणि पुडी फाडताना नेमका तोच भाग फाटतो!

मग बातमी पसरली. शेजारच्या गावात बोलावलं, मग दुसऱ्या तालुक्यात. मावशीला पण मजा वाटली, आयुष्यात कधी कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. पण हळूहळू गोष्टीचा आकार बदलायला लागला. पडवीत ती प्रश्नांना उत्तरं द्यायची, स्टेजवर तिला भाषण करायला लावायचे. माईकवर तिचे शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून मग निवेदकच तिची गोष्ट सांगायचा आणि ती नुसती शेजारी उभी. एका ठिकाणी निवेदकानं सांगून टाकलं की डॉक्टरांनी हात टेकले होते पण मावशीनं मृत्यूला हरवलं. असलं काही झालं नव्हतं, गाठ लहान होती आणि ती वेळेत गेली, एवढंच झालं होतं, आणि सांगण्यासारखं तेवढंच होतं. शेळ्यांचा भाग तर कुठल्याच स्टेजवर आला नाही. "निगेटिव्ह वाटतं" म्हणे. तपासणी तिथं नसायचीच, भाषणं, नारळ, शाल, फोटो, चहा.

आणि मग भाऊंचा वाढदिवस आला. भाऊ म्हणजे आमच्या भागातले एक कार्यसम्राट, कोण ते सोडून द्या, असे भाऊ प्रत्येक तालुक्यात आहेत. वाढदिवसानिमित्त भव्य मोफत कर्करोग तपासणी शिबिर. चौकात वीस फुटी फ्लेक्स. वर भाऊ गॉगल लावून, दोन्ही बाजूला शुभेच्छुकांची मुंडकी, आणि खाली कोपऱ्यात मावशीचे दोन फोटो, एक आधीचा कुठल्यातरी लग्नातला, एक आताचा गाल आत गेलेला, मधे बाण. कुणी विचारलं नव्हतं. लग्नातला फोटो कुणाच्या तरी स्टेटसवरून उचललेला. मावशी बाजाराला एसटीतून उतरली आणि समोर स्वतःचा गाल, माणसाएवढा मोठा.

त्याच महिन्यात तिच्या धाकट्या मुलीला स्थळ आलं होतं, जवळजवळ ठरत आलेलं. पाहुण्यांनी फ्लेक्स बघितला. त्यांनी नाही असं थेट म्हटलं नाही, आपल्याकडं कोण म्हणतं, "पत्रिका जुळत न्हाई" म्हणून निरोप आला, आधी पत्रिका मागितलीच नव्हती. तोंडाचा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि मिश्रीनं आईला झाला म्हणजे मुलीला होणारच असंही नसतं, पण हे पाहुण्यांना कोण सांगणार. नवरा आधीच बोलत नव्हता तो आता बोलायला लागला. मावशीनं गटाच्या मीटिंगला येणं बंद केलं. मी भेटायला गेले तेव्हा चहा दिला, इकडचं तिकडचं बोलली, आणि उठताना म्हणाली, "ताई, मपलं त्वांड मपल्यापाशी राहू द्या आता." यावर काय बोलणार.

फ्लेक्स उतरवायला लावला. त्याला पण भांडावं लागलं, "अहो उलट मावशी फेमस झाल्या की" असं ऐकून घ्यावं लागलं. शिबिराला गर्दी बरी झाली असं म्हणतात. असेल. मराठवाड्यात हा प्रकार एकट्या मावशीचा नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, सरकारी समितीनं ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या बायका बोलल्या म्हणून ते बाहेर आलं, खासगी दवाखान्यांवर थोडा तरी चाप बसला, हे मान्यच केलं पाहिजे. पण देशभर त्यांची ओळख काय झाली तर बिनपिशवीच्या बायकांचं गाव. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडात संडास नाही, पाळीच्या दिवसात पण कोयता थांबत नाही, हे सगळं मागं पडलं आणि बाईच्या पोटावरची खूण तेवढी पुढं आली.

मावशी थांबल्यावर आम्ही तिच्याशिवाय बैठका घेऊन बघितल्या. पोस्टरवाल्या बैठकांपेक्षा बऱ्या, पण पडवीसारखं परत नाही झालं. मधल्या काळात एका बैठकीत असं झालं की मी मावशीचं उदाहरण देत होते, नाव न घेता, की लवकर गेलं तर माणूस जगतो वगैरे, तर मागून एक बाई उठली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. म्हणाली, "आमच्या ह्यांनी बी समदं केलं. बार्शी केली, मुंबई केली. रान इकलं. मग ते का गेले?" सगळे गप्प. खोटं काही सांगता येत नव्हतं. जगलेल्यांच्याच गोष्टी सांगत राहिलं तर गेलेल्यांच्या घरच्यांना असं वाटतं की आपणच कुठंतरी कमी पडलो, हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं. कुणीच कमी पडलेलं नसतं कित्येकदा, गाठ खोल असते, वेगळ्या जागी असते, वेगानं वाढते. तिला विचारलं, ह्यांना कळलं कधी? म्हणाली, तोंड उघडंना झालं तेव्हा. त्याच्या आधी? वर्षभर जखम होती, ते दाखवत नव्हते, रात्री मिठाच्या गुळण्या करायचे. पुढं बाकीच्या बायकांनीच तिच्याशी बोलायला सुरुवात केली, मी खाली बसले.

आता तीच बाई आमच्या बैठकांना येते. बोलते थोडं, पण जे बोलते ते मावशीच्या गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि दोन्ही एकत्र ऐकल्यावर बायकांना जे कळतं ते एकीकडून कधीच कळलं नसतं.

मावशी परत आली साताठ महिन्यांनी, मुलीचं लग्न झाल्यावर, दुसरीकडं, चांगल्या घरी. स्वतःच आली आणि अटी पण स्वतःच घेऊन आली, आम्ही फक्त कागदावर उतरवल्या आणि तिला वाचून दाखवल्या. स्टेज नाही, माईक नाही, बायकांच्यातच बोलणार आणि पंचवीस-तीसच्या वर बायका नकोत. फोटो नाही, व्हिडिओ नाही, कुणी मोबाईल वर केला तर ती उठून जाणार. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी गोष्ट सांगायची नाही. शेळ्यांचं सांगणार. सोबत कायम एक ओळखीची बाई पाहिजे, आणि जेवणात भाकरी कुस्करायला आमटी, हे पण तिनं लिहायला लावलं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, पण ते भाडं आणि दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, शाल नको. "शाली हैत चार, कुनाला देऊ?" आणि ज्या दिवशी सीएचओ किंवा दातांचे डॉक्टर तिथं हजर नाहीत त्या दिवशी ती बोलणार नाही. ही शेवटची अट आम्ही घालायला पाहिजे होती खरं तर, ती तिला सुचली कारण तिनं पडवी पण बघितली होती आणि वाढदिवस पण.

एक आमच्याकडून घातलेली गोष्ट म्हणजे तिनं कधीही, कारण न देता, अगदी निघायच्या सकाळी सुद्धा नाही म्हणायचं. दोनदा म्हणाली. एकदा तर बायका जमलेल्या होत्या. तर काय, सीएचओ मॅडमनी तीन बोटांचं सांगितलं, त्या बाईनं तिच्या नवऱ्याचं सांगितलं, तपासणी झाली.

निधी देणाऱ्या मंडळींना हे पटवणं जरा जड जातं. त्यांना "सक्सेस स्टोरी" लागते, फोटोसकट, दोन पानात. अहवालात फोटोची चौकट रिकामी दिसली की फोन येतो. आम्ही आता त्या चौकटीत उपकेंद्राच्या दाराचा फोटो टाकतो, बाहेर चपलांचा ढीग. चपला मोजून घ्या म्हणते मी.

जे जमलं नाही ते पण लिहिते. पुरुष. मावशीचं ऐकायला पुरुष येत नाहीत, आणि तोंडाचा कॅन्सर आपल्याकडं पुरुषांनाच जास्त होतो. पारावर, टपरीवर बसणाऱ्यांसाठी त्यांच्यातलाच कुणीतरी पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूला एक हमाल आहे, जबड्याचं ऑपरेशन झालेला, बोलायला तयार आहे, पण त्याची अट अशी की तो फक्त पाराच्या कट्ट्यावर, रात्री जेवणं झाल्यावर, कट्ट्यावरच्या माणसांशीच बोलणार. आणि त्या वेळेला उपकेंद्र बंद असतं. रात्री नवाला बॅटरी घेऊन पारावर यायला तयार असलेला दातांचा डॉक्टर शोधणं चालू आहे, तालुक्यातल्या त्या दाढवाल्या पोराला विचारलंय, तो म्हणाला मंगळवार सोडून कधीही.